तुझ्या नावाआधी ‘प्रोफेसर’

आई,

यंदा जूनमध्ये मी स्कॉटलंडला जाऊन आलो, आणि तिथल्या लोकांना मी सांगितलं की तू प्रोफेसर होतीस. तुला जाऊन तीसेक वर्षं झाली, हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, सगळं कळतं मला. पण ज्यांच्याशी खोटं बोललो त्यांच्यापाशी कबूल करून झालं, तरी जीव हलका झाला नाही. तेव्हा लक्षात आलं की सांगायचं ते तुलाच राहिलंय.

तुझी नात तिकडे एडिंबरात नोकरी करते. तू तिला पाहिलं नाहीस, तू गेल्यावर दोन-अडीच वर्षांनी ती झाली. तुझ्याबद्दल तिला जे काही माहीत आहे ते सगळं माझ्या तोंडून. कोलकात्याजवळच्या बराकपूरचं आपलं भाड्याचं घर, गंगेकडे उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी, ओट्यावर कुकरशेजारी ठेवलेली दुर्बीण, आणि कणकेच्या हातांनी तू ती उचलायचीस म्हणून तिच्या फोकसच्या चाकाच्या खाचांत कायमचं बसलेलं पीठ. लहानपणी झोपताना ती हेच मागायची, “आजीचा पक्षीवाला गोष्ट सांग.” गोष्ट स्त्रीलिंगी असते हे मी किती वेळा सांगितलं, पण कोलकात्यात वाढलेल्या पोरांच्या मराठीत लिंगं जागेवर राहत नाहीत. ही सहल तिनेच माझ्यासाठी ठरवली. म्हणाली, “बाबा, आयुष्यभर आजीच्या पक्ष्यांचं सांगतोस आणि स्वतः कोलकात्यात न्यू टाउनच्या ऑफिसात काचेमागे बसतोस. आता जा की.” तुझी सून थंडीला घाबरून आली नाही. मी एकटाच गेलो, गळ्यात तुझी दुर्बीण घालून.

सात-आठ जण होतो, बहुतेक माझ्याहून वयस्कर, आणि एक तरुण मुलगी आमची वाटाडी. आधी माळावर फिरलो. माळ म्हणजे आपल्याकडचं कोरडं पठार नव्हे. पायाखाली भिजलेल्या गादीसारखी जमीन, त्यावर गुडघ्याएवढी तपकिरी झुडपं आणि माणसाला अगदी लहान करून टाकणारं आभाळ. तिथे आपल्या टिटवीची एक चुलत बहीण भेटली, डोक्यावर तुरा असलेली. सोनचिखल्या दिसला. पाठीवर खरोखरच सोन्याची पूड सांडल्यासारखी. मग बोटीने बेटांवर गेलो. एका बेटावर सुरय पक्ष्यांनी पायवाटेच्या दोन्ही अंगांना उघड्या जमिनीवर अंडी घातली होती, आणि माणूस जवळून गेला की ते सरळ डोक्यात चोच मारायचे. वाटाडीने प्रत्येकाला काठी दिली. ती डोक्यावर उभी धरायची, म्हणजे पक्षी सगळा राग काठीच्या टोकावर काढतो. निवृत्त डॉक्टर, निवृत्त इंजिनियर, सगळे काठ्या उंचावून एका ओळीत मुकाट चाललेत, आणि वरून शिव्या पडताहेत. तुला हसू आवरलं नसतं.

त्याच संध्याकाळी जेवायला बसलो असताना कुणाला पक्ष्यांचा नाद कुणामुळे लागला, अशा गप्पा निघाल्या. एकाचे वडील दीपगृहावर होते, तिथे ते पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालायचे. एकीला विद्यापीठातल्या कुठल्या नामांकित गुरूंनी शिकवलं होतं. समोरच्या गृहस्थांनी मला अगदी सौजन्याने विचारलं, “तुमच्याकडे बायकांना अशा छंदांना सवड मिळत असेल का हो?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचं लक्ष दुर्बिणीकडे गेलं.

“केवढी जुनी आहे ही! कुणाची?”

“माझ्या आईची.”

“अरे वा. पक्षीशास्त्रज्ञ होत्या त्या?”

नाही म्हणायला जागा होती. मी म्हणालो, “हो.”

“विद्यापीठात?”

“हो. प्रोफेसर होती.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं ते एकदम वेगळ्या नजरेने. मी खाली मान घालून सूप पीत राहिलो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस, पदर खोचून ओट्यापाशी उभी, एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात दुर्बीण. त्या टेबलावर तुला तशी आणून उभी करायची मला लाज वाटली. हे एवढं वाक्य लिहायला मला महिने लागलेत.

आणि तुला स्वतःला कधी लाज वाटली नव्हती, हे आठवलं की जास्तच खजील व्हायला होतं. बाबांच्या ऑफिसातली बदलीवर आलेली चार मराठी घरं दिवाळीत आपल्याकडे फराळाला जमलेली. कुणाची तरी बायको म्हणाली, “वहिनी, इथे ना ओळख ना भाषा. दिवसभर करता तरी काय?” तू चकलीचं ताट पुढे करत म्हणालीस, “पक्षी बघते.” सगळे हसले. तूही हसलीस आणि वर म्हणालीस, “खरंच सांगते हो. आज सकाळी परीट आला, शेपटी हलवत. थंडी सुरू झाली म्हणायची.” मी दहा-अकरा वर्षांचा असेन, माझे कान तापले. तुझे नाही तापले.

घाटावरचा तो दिवसही तसाच. मी तुझ्याबरोबर होतो. तू पायरीवर बसून पलीकडच्या काठावरचे बगळे बघत होतीस. लष्करी छावणीच्या बाजूने एक जवान तरातरा आला. “मॅडम, इधर दुरबीन मना है.” तू उठून उभी राहिलीस, आणि तुझ्या त्या हिंदीत म्हणालीस, “भैया, मैं पक्षी देखती है. आप भी देखो ना.” आणि दुर्बीण सरळ त्याच्या हातात दिलीस. त्याने इकडेतिकडे पाहिलं, डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. परत देताना म्हणाला, “अच्छा है. लेकिन कल से मत लाना, माताजी.” मी भीतीने आणि शरमेने घामाघूम, आणि तू घरी येईपर्यंत त्याचंच कौतुक करत होतीस, त्याने म्हणे किती हळुवार धरली. दुसऱ्या दिवसापासून तू दुर्बीण घाटावर नेली नाहीस. तुझं सगळं बघणं मग खिडकीतून चालू राहिलं, बाबांची कोलकात्याला बदली होईपर्यंत.

खोटं एकदा बोलून तिथेच टाकून देता आलं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी ते वाटाडीला सांगितलं, आणि शेवटच्या बेटावर तिने माझ्यामागे लकडा लावला, आज जेवणानंतर आईंच्या कामाबद्दल बोला ना. मी बोललो. काचेपलीकडे समुद्र, शेकोटीभोवती मंडळी, आणि मी उभा राहून तुझ्या ‘संशोधना’बद्दल सांगतोय. गंगेच्या काठचा अभ्यास, दर हिवाळ्यातल्या नोंदी, विद्यार्थी, विद्यापीठाची होडी. होडीसुद्धा दिली मी तुला! कोतवाल पक्षी घारीच्या पाठीवर बसून तिला टोचे मारत पिटाळतो हे खरं होतं, ते तू मला दाखवलं होतंस. पण त्यापुढे काय सांगायचं ते सुचेना, मग मी दुपारी मोबाइलवर वाचलेलं तुझ्या नावावर खपवत गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मान वर केली तर दाराशी तुझी नात उभी. शेवटचे दोन दिवस ती यायची होतीच, संध्याकाळच्या बोटीने आली होती. ओला रेनकोट अजून अंगावर होता. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

तिने चारचौघांत काही दाखवलं नाही. सगळ्यांशी हात मिळवले, आजीचं कौतुक हसून ऐकून घेतलं. मग आम्ही दोघं धक्क्यावर चालत गेलो. वारा एवढा की ओरडून बोलावं लागत होतं.

“बाबा, आजी कॉलेजमध्ये शिकवत होता?”

मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. म्हणालो, “नाही.”

“मग होडी?”

“नाही.”

मला वाटलं होतं रागावेल. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “मला तर आजी फक्त तुझ्याकडून मिळाली ना. आता मला कसं कळणार, मला सांगितलेलं खरं काय आणि बनवलेलं काय?”

“तुला सांगितलं ते सगळं खरं आहे गं.”

“आत पण लोकांना खरंच वाटलं.”

आम्ही परत आलो. सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकायचं, असं ठरवून मी झोपलो. सकाळी न्याहारीला बसलो तर डॉक्टरीणबाई पेन घेऊन आल्या. त्यांच्या गावात पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्याच्या वार्तापत्रात त्यांना तुझ्यावर चार ओळी लिहायच्या होत्या. “नावाचं स्पेलिंग नीट सांगा हं, चूक व्हायला नको.” तुझी नात समोर बसून माझ्या कपात चहा ओतत होती. तिने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या नावाचं एकेक अक्षर सांगितलं. शेवटच्या अक्षरापर्यंत. तिने चहाची किटली खाली ठेवली आणि उठून बाहेर निघून गेली.

त्या दिवशी कड्यावर पफिन पाहिले. रंगीत चोचीचे, ठुमकत चालणारे, ज्यांच्यासाठी लोक जगभरातून येतात ते. माझ्यापासून पाचेक हातांवर एक जण चोचीत मासे घेऊन उभा होता. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मला काही दिसेना. काच धुरकटली असेल म्हणून पुसली. काच स्वच्छ होती.

कोलकात्याला परत आल्यावर दुर्गापूजेच्या थोडं आधी ते वार्तापत्र ईमेलने आलं. तुझं नाव छापलेलं मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. तुझी लग्नपत्रिका होती, पण तिच्यात लग्नाआधीचं नाव. आणि आता पहिल्यांदा छापून आलं ते परक्या देशात, परक्या भाषेत, आणि त्याच्या आधी ‘प्रोफेसर’. तुझ्या नातीला मी ते पाठवलं नाही, पण बाईंनीच तिलाही पाठवलं होतं. रविवारी तिचा फोन आला. नेहमीच्या चौकशा झाल्या, तिच्या आईचा गुडघा, पूजेची गर्दी. मग म्हणाली, “बाबा, बाईंना मी लिहू की तू लिहिशील?”

“मी लिहितो.”

“या आठवड्यात?”

“आज.”

आणि खरंच त्याच दिवशी लिहिलं. माझी आई प्रोफेसर नव्हती. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, परमुलुखात नवऱ्यामागे आलेली एक गृहिणी होती. स्वयंपाक करता करता ती खिडकीतून पक्षी बघायची, आणि ते सांगायची मला तुमच्यासमोर लाज वाटली. क्षमा करा. पाठवलं आणि दोन दिवस मी मोबाइल उघडायलाच घाबरत होतो.

बाईंचं उत्तर आलं ते थोडक्यात होतं. रागावल्या असतील तर तसं दिसू दिलं नाही, क्षमा केली असंही म्हटलं नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागेल, असं म्हणाल्या. आणि खाली एक ओळ होती, की नुसती दुरुस्ती छापण्यापेक्षा त्या खिडकीतून तुमच्या आई खरंच काय बघायच्या ते तुम्ही लिहून पाठवलंत तर आम्हाला ते जास्त आवडेल. एक पान मोकळं ठेवते.

त्याला आता बरेच दिवस झाले. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन बसतो. परीट लिहिला, कोतवाल लिहिला, घाटावरचा जवान लिहिला. अर्धं पानसुद्धा भरत नाही. तुझ्या नातीला गेल्या रविवारी म्हणालो, आणखी काही आठवत नाही गं, मी दिवसभर शाळेत असायचो आणि आजी फार बोलायची नाही. ती म्हणाली, “ठीक आहे, जेवढं आहे तेवढंच लिही.” तिला ते खरं वाटलं असावं.

ते खरं नव्हतं, आई. तू बोलायचीस. मी शाळेतून आलो की पानात पोळी वाढता वाढता तू रोज सांगायचीस, आज काय आलं, कोण कुणाशी भांडलं, कुणाचं घरटं पडलं. रोज. आणि मी ताटाशेजारी गोष्टीचं पुस्तक उघडं ठेवून, मान वर न करता, हं हं म्हणत असायचो.