कुठेच न बसलेलं हाड

१६ एप्रिल २०२४, मंगळवार. दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

शवागाराच्या मागच्या ओट्यावर हाडं धुत होतो. आत्ता हात पुसून लिहायला बसलो. रोहिणखेडकडच्या एका पडीक विहिरीचा गाळ काढताना सापडली. पोलिसांनी खताच्या गोणीत आणली. सोबत साडीची चिंधी आणि चांदीची दोन जोडवी.

उकंडराव तीस वर्षांपासून इथे चिरफाड करतात. ते दारात येऊन म्हणाले, "शेखर, हाडं धून राह्यला का लगनाची भांडी?" मी दात घासायचा मऊ ब्रश वापरतो म्हणून. पण डॉ. पुष्पांजली मॅडमनीच सांगितलंय — मऊ ब्रश, कोमट पाणी, वाळवायचं सावलीत. उन्हात हाड तडकतं.

मी कंत्राटी सफाईगार. अकरावी सुटली. अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून मॅडम सगळ्या याद्या माझ्याकडून लिहून घेतात. आठ दिवसांनी हाडं मोठ्या मेडिकल कॉलेजला जाणार. मरण कशाने आलं ते तिथले तज्ज्ञ सांगतील.

१७ एप्रिल, बुधवार.

जोडव्यांवरून ओळख निघाली. झुंबरबाई नावाच्या बाईची मुलगी, छाया. पाच वर्षांपूर्वी सासरहून नाहीशी झाली. नवरा गजेंद्र सगळ्यांना सांगत राहिला, कोणासोबत तरी पळून गेली. त्याने दुसरं लग्नही केलंय.

संध्याकाळी मॅडमच्या खोलीतल्या तक्त्यावर बघून सगळी हाडं वर्तमानपत्रावर मांडली. कोणी सांगितलं नव्हतं. बोटांची बरीच कमी आहेत. बाकी सगळं जागेवर बसलं, फक्त एक उरलं. घोड्याच्या नालासारखं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. डावी दांडी मधूनच मोडलेली, तुकडा वेगळा. मोडलेली कडही बाकीच्या हाडांसारखी तपकिरी. तक्त्यावर असं हाड नाही. शेजारच्या कोणत्याच हाडाला जुळत नाही. दोनदा सगळं उचलून परत मांडलं, तरी ते उरलंच! कागदाच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

१८ एप्रिल, गुरुवार.

काय केलं ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशी फिरवाफिरवी करता येणार नाही.

झुंबरबाई सकाळपासून मागच्या लिंबाखाली बसली होती. उकंडराव चहाला गेले तशी जवळ आली. "बापू, एक हाडूक दे मले. लहानसंच दे."

मी म्हणालो, देता येत नाही, मोजणी व्हायची आहे.

"पाच वर्सं झाली. तेरवी करतो म्हटलं तं लोकं म्हणत, जित्या पोरीची तेरवी करते का बुढे? आता भेटली तं पोलीस म्हणतात वर्ष लागन. मी वर्षभर राहतो का नाही कोणाले मालूम. पाण्यात सोडाले काहीतरी पाह्यजे ना."

मी विचार केला. बोटांचं द्यायचं नाही, ती तक्त्यावर आहेत. ते उरलेलं मात्र कोणाच्याच मोजणीत येणार नाही. दोन्ही तुकडे कागदात बांधून तिला दिले. तिने उघडून पाहिलंही नाही. पदरात गाठ मारली आणि माझ्या पायाला हात लावला. माझ्या आईपेक्षा मोठी बाई. तेवढ्याची तरी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, बरं वाटलं.

१९ एप्रिल, शुक्रवार.

मॅडमनी यादी सांगितली, मी लिहिली. मधे त्या म्हणाल्या, "हायॉइड — नाही." मी विचारलं, हायॉइडमधली इ ऱ्हस्व ना? त्या म्हणाल्या, हो. ऱ्हस्व लिहिली.

२३ एप्रिल, मंगळवार.

झुंबरबाई सांगून गेली. शनिवारी नळगंगेत सोडलं. पाच बायका जेवू घातल्या.

२० जानेवारी २०२५, सोमवार.

नऊ महिन्यांनी अहवाल आला. मॅडमनी वाचून दाखवला. ओळख पक्की, आईच्या रक्ताशी जुळली. कवटीला मार नाही. बरगड्या, हातपाय, कुठे काही मोडलेलं नाही. शेवटी — "हायॉइड हाड प्राप्त झालेले नाही. मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नाही."

मी विचारलं, मॅडम, हायॉइड म्हणजे कुठलं?

त्यांनी स्वतःच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. "इथलं. नालासारखं असतं. दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, मांसात लटकलेलं असतं. आपल्या त्या जुन्या तक्त्यात तर दाखवलेलंही नाही. गळा आवळला तर ते मोडू शकतं. या वयात सांध्यातून सुटलेलं सापडलं तर त्याला अर्थ नाही. पण मधूनच मोडलेलं असेल आणि कड जुनी असेल, तर तज्ज्ञांना बोलायला जागा होते. गाळात राहिलं असणार."

मी म्हणालो, "हो मॅडम, गाळातच राहिलं असणार."

हे वाक्य मी बोललो. कोणी वदवून घेतलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार.

जेवलो नाही. घरी सांगितलं, पोट बिघडलं.

२४ जानेवारी, शुक्रवार.

ठाणेदार मॅडमकडे आले होते. मर्ग बंद करायचा म्हणतात. मर्ग म्हणजे अपघाती मरणाची फाईल. विहिरीत पडून मृत्यू, असं लिहिणार. गजेंद्र मोकळा.

न सांगण्याची कारणं मोजली. नोकरी जाईल. पोलीस मलाच धरतील. झुंबरबाईला कळेल की पुरावा तिने स्वतःच्या हाताने नदीत सोडला. हे तिसरं कारण मी स्वतःला पहिलं म्हणून सांगतो. खरं पहिलं नोकरीचंच आहे.

३० जानेवारी, गुरुवार.

उकंडराव जेवताना म्हणाले, "तुही ते झुंबरबाई येडी झाली बे. विहिरीवर बसून गाळ चाळून राह्यली. ठाणेदारानं सांगतलं म्हणते, गळ्याचं बारकं हाडूक भेटलं तं केस उभी राह्यते."

मी हातातला घास ठेवून पाणी प्यायलो. ते म्हणाले, "काऊन, मिरची लागली का?"

२ फेब्रुवारी, रविवार.

एसटीने रोहिणखेडला उतरलो, तिथून चालत गेलो. विहिरीच्या काठाला गाळाचा ढीग आहे, वाळून दगड झालेला. झुंबरबाई तो बत्त्याने फोडते, गव्हाच्या चाळणीने चाळते. मला पाहून म्हणाली, "आला का बापू. बरं झालं. तुले समजते, मले सगळं सारखंच दिसते."

विहिरीचे मालक गुलाबराव बांधावर उभे होते. "साहेब, तुमी तरी सांगा हिले. अर्धा गाळ तं म्या वावरात टाकला. त्याच्यावर गहू उभा हाय."

"गहू निघू द्या," ती म्हणाली. "मंग वावर बी चाळीन."

"मह्यं वावर?"

"मंग काय माह्यं?"

सांगायला गेलो होतो. पण शेजारी बसलो आणि दुसरी चाळणी हातात घेतली. चार वाजेपर्यंत चाळलं. गोगलगायीचे शंख, बांगडीची काच, बेडकाची हाडं निघाली. प्रत्येक वेळी ती तळहातावर धरून दाखवायची, "हे पाह्य बरं." मी म्हणायचो, हे नाही. अकरा वेळा म्हणालो. अकराही वेळा खरं बोललो, त्याचीच जास्त लाज वाटते.

निघताना तिने मला भाकर बांधून दिली. मी घेतली.

५ फेब्रुवारी, बुधवार.

शवागार दोनदा धुतलं. गरज नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार.

आज सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर परत चाळायला बसलो असतो.

तिचा हात चालू होता. तो थांबला. "मले देलं होतं, तेच?"

हो.

"म्या पाण्यात सोडलं, ते?"

हो.

"मंग मी पंधरा दिवसांपासून काय शोधून राह्यली?"

मी म्हणालो, चूक माझी आहे, मी दिलं, तुम्हाला काय माहीत. हे सगळं मी घरून पाठ करून गेलो होतो. तिने ऐकलं नाही. विचारलं, "मोडेल होतं का?"

मी माझ्या गळ्यावर जागा दाखवली. तिने हात पुढे करून बोट तिथेच टेकवलं आणि थोडं दाबलं, नक्की कुठे ते बघायला. तिच्या बोटाला गाळ होता. मी हललो नाही.

मग ती खाली बसली. चाळणीतली माती ढिगावर परत टाकली. म्हणाली, "तुले कामावरून काढतीन?"

म्हटलं, हो.

"लगन झालं तुह्यं?"

म्हटलं, नाही.

"जा तू. एसटी जाईन."

बापू म्हणाली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

मॅडमच्या दाराशी दोनदा जाऊन आलो. आत गेलो नाही. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, काय रे? मी म्हणालो, फिनाईल संपलंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

ठाण्यात बोलावलं होतं. झुंबरबाई काल एकटीच येऊन जबाब देऊन गेली. तिने सांगितलं, वाळत घातलेलं हाड मीच चोरलं, मधून मोडलेलं होतं ते मी पाहिलं, पोरगा पाणी आणायला गेला होता, त्याला काहीच माहीत नाही.

ठाणेदार म्हणाले, "आईनं सांगतलं तं कोर्टात कोण धरते? उलट पुरावा पळवला म्हणून तिच्यावरच येते. तू पाह्यलं होतं का ते हाड?"

'नाही' म्हटलं असतं तर मी सुटत होतो. मी म्हणालो, चोरी झालीच नाही. मी दिलं. डावी दांडी मधून मोडलेली, कड जुनी, तपकिरी. त्यांनी कोरे कागद पुढे सरकवले, म्हणाले, सगळं लिही, आणि मर्गाची फाईल परत उघडून ठेवली.

बाहेर बाकावर झुंबरबाई बसली होती; तिलाही आज बोलावलं होतं, आतलं सगळं तिला ऐकू आलं होतं. "काऊन सांगतलं बे," म्हणाली. "म्या चोरलं म्हटलं होतं ना." मग थोडी सरकली आणि मला बसायला जागा दिली.