हार घातलेली स्कूटर

शिवगंगा,

तू नळाला गेलीस, म्हणून लिहून ठेवतो. आपली स्कूटर इकायची जाहिरात नेटवर टाकली, तवा दसऱ्याचा फोटू दिलता. स्कूटरला झेंडूचा हार, दिव्यावर विभूती, अन् शेजारी तू आरतीचं ताट घेऊन तोंड पाडून उभी. लोकाला वाटलं मालक वारला.

उमापूरचे रामकिसन अकराला गाडी घ्यायला येतेत. दुःखाच्या घरी घासाघीस नको म्हणून त्यांनी पुरा भाव कबूल केला. मला तुझा दीर समजून “वैनींना सांभाळा” म्हणले अन् फोन ठेवला. आता उचलत न्हाईत.

आधी पाणी दे, मग सांग की मालक जिता हाय अन् ब्रेक उशिरा लागतो. भाव पाडला तर पाडू दे. खोट्यावर तुझी पिको-फॉलची मशीन घ्यायला नको.

एकटीनं सौदा करू नको, शेजारच्या छबुबाईला बसवून घे. चक्कर मारायची म्हणले तर त्यांची गाडी दारात ठेवून मगच चावी दे. चेक नको. रोख हातात आल्याबिगर आरसी बुक काढू नको.

मी माजलगावला नेट कॅफेत फोटू बदलायला चाललोय. गाडी गेली तर उद्या एसटीनं बीडला मशीन बघू. तिलाबी हार घाल, पण फोटू काढताना जरा हसत जा.

महांतेश