दवाखान्याच्या लाइनवरची गाडी

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. बाकी वि. वि. करत बसायला वेळ नाही.

फोनवर तू ‘साहेब आले’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहिते. बाबांची गाडी विकायची आहे. ती आपल्या दोघांच्या नावावर आहे. सोबत विक्रीचा फॉर्म पाठवलाय, फुली मारलीय तिथं सही कर.

समुद्रात तेलाची जहाजं अडल्यापासून पेट्रोल कार्डावर मिळतं, आठवड्याला तीस लिटर. सहा दिवस सहा-सहा किडनीचे पेशंट डायलिसिसला न्यायचे-आणायचे, त्याला अठ्ठेचाळीस लागतं. अँब्युलन्सला सूट आहे, माझ्या भाड्याच्या गाडीला नाही. शनिवारी टाकी कोरडी पडली आणि फेरी चुकली. टेकडीवरच्या रिटायर मास्तरांचे पाय इतके सुजले की बूट कापून काढावा लागला. दवाखान्याचे मॅनेजर म्हणाले, आणखी एक फेरी चुकली तर पेशंट ने-आणीचा करार मोठ्या कंपनीला देणार. ती कंपनी टेकडी चढायला तयार नाही. मग मास्तरांनी काय रांगत यायचं?

म्हणून बॅटरीवरची गाडी घेतेय. लवकर कर, पेट्रोलच्या गाडीचा भाव दर आठवड्याला खाली येतोय. भावजयीला सांग, मी रागावलेली नाही, घाईत आहे.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. पत्र वाचलं, म्हणजे ओरडाच खाल्ला.

सही केलेली नाही. आधी ऐकून घे. बॅटरीची गाडी दीडपट महाग. पाच वर्षं हप्ता, आणि तो फिटेपर्यंत बॅटरी म्हातारी. नवी बॅटरी घ्यायची म्हणजे अर्ध्या गाडीचे पैसे. उद्या जहाजं सुटली, पेट्रोल उतरलं, तर स्वस्तात विकून महागात घेतली असं होईल. वर्षभर कळ काढ. वरच्या पेट्रोलचे पैसे मी पाठवतो. आणि विजेच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. जास्त लिहीत नाही.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
धाकटा

ता. १४ मार्च

चि. धाकट्या, आशीर्वाद आहेत, पण ते आज नंतर घे.

तुझे पैसे नकोत. पैसे टाकून पेट्रोल मिळत असतं तर तुझ्या पाया कशाला पडले असते? विकणाऱ्याकडून गाडी दोन दिवस मागून आणली. रिकामी नाही फिरवली. सहाही जणांना बसवलं, एसी लावला, टेकडी चढले. जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटरला सत्तर टक्के बॅटरी गेली. विजेचा खर्च पेट्रोलच्या चौथ्या हिश्श्यात बसतो. वीज आणि हप्ता मिळून आत्ताच्या पेट्रोलएवढंच होतं. शाळा चौथीत सुटली तरी एवढं बोटांवर येतं मला.

तू विजेच्या ऑफिसात बसतोस आणि मलाच वीज नको म्हणतोस. खानावळीचा मालक स्वतःच्याच ताटाला नाक मुरडायला लागला तर गिऱ्हाईकानं काय समजायचं? लहानपणी काही लपवायचं असलं की तू असाच ‘जास्त बोलत नाही’ म्हणायचास. काय ते लिही. गाडीचं गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंतच थांबणार आहे.

ताई

ता. १८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. हे एकटीनं वाच आणि वाचून जाळ.

सही करून फॉर्म सोबत पाठवलाय. पण आधी ऐक. एक एप्रिलपासून वीजही ठरावीक तास मिळणार. कुठला भाग कधी बंद, ती यादी माझ्याच टेबलावर तयार होते. तुझा भाग संध्याकाळी सहा ते सकाळी सहा बंद आहे. नेमकी तुझी चार्जिंगची वेळ. बाहेर बोललो तर नोकरी जाईल, तसं लिहून घेतलंय आमच्याकडून. म्हणून नुसतं नको नको म्हणत राहिलो.

यादी अजून साहेबांकडे गेलेली नाही. तुझ्या भागाची ओळ काढून दुसऱ्या भागाची घातली तर कुणाला कळणार नाही. तू हो म्हण, मी करतो. घास उतरत नाही, ताई.

धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्या, आशीर्वाद. ओळ काढू नकोस. दुसऱ्या भागात काय सगळे ठणठणीत राहतात? त्यांच्यातही कुणाचे मास्तर असतील. नोकरी सांभाळ आणि नीट जेव.

पत्र जाळलं. मग डोकं चाललं. पेशंट चार तास मशीनला असतात, आणि अकरा वर्षं मी त्या आवारात नुसती बसून असते. मशीनच्या लाइनची वीज कोण बंद करणार? तिथंच लावीन गाडी. मोठ्या सिस्टरना विचारलं. यादीचा चकार शब्द काढला नाही, घरची वायर जुनी आहे एवढंच म्हटलं. हो म्हणाल्या, पण लाइनवर ताण आला तर पहिला माझा प्लग निघणार.

बाबांची गाडी गेली. मागं वळून बघितलं नाही, उगाच विचारू नकोस.

ताई

ता. १० एप्रिल

चि. धाकट्या, आशीर्वाद.

आठ दिवस बरे गेले. काल तासाभरातच सिस्टर धावत आल्या आणि प्लग काढला. मशीनचे दिवे मिणमिणायला लागले होते. गाडीत पंचेचाळीस टक्के. घरी जायला पस्तीस, आज सकाळी यायला पस्तीस. म्हणजे कालचे सहा घरी पोचले असते आणि आजचे सहा घरीच राहिले असते. करार तिथंच संपला असता.

मॅनेजरच्या खोलीत घुसले. आत थंडगार. एसी त्याच लाइनवर आहे, दवाखान्याच्या वायरमननं मला दाखवलं होतं. मी म्हटलं, तुमचा एसी तरी चालेल नाहीतर माझी गाडी तरी. ते म्हणाले, आवाज खाली करा. मी म्हटलं, आधी ते यंत्र बंद करा. सिस्टर माझ्या मागून आल्या आणि त्यांनी एसीचं बटण बंद केलं. दिवे स्थिर झाले, प्लग परत लागला. मॅनेजर माझ्याच कराराच्या फायलीनं वारा घेत बसले. निघताना बहात्तर टक्के होते. टेकडी एसी बंद ठेवून चढले. मास्तर घामानं भिजले, मला म्हणाले की बाई, भांडण तुमचं आणि शिक्षा आम्हाला.

आज फाटकात शिरले तेव्हा तीन टक्के उरले होते. सहाही जण वर मशीनला आहेत आणि मी गाडीत बसून लिहितेय.

जहाजं सुटली म्हणे, पेट्रोल उतरणार. ऐकलंच असशील. उतरलं तर पाच वर्षं हप्ता भरत बसेन आणि तुझे टोमणे ऐकेन. हौस भागवून घे. पण एवढं सांगते, समोर मॅनेजरच्या खोलीची खिडकी आज सकाळपासून सताड उघडी आहे.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई