बेदाण्याची शेड साळूला

आधी शेडची ताडपत्री सोडा, मग हा कागद वाचा. मार्चपासून सांगतेय. बेदाण्याच्या शेडला चारी बाजूंनी वारा लागतो एवढं शेळीलासुद्धा कळतं. ती वाऱ्याला जाऊन बसते. या घरात मात्र ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. जित्या म्हातारीचं ऐकलं नाहीत, आता मेलेल्या म्हातारीच्या स्टँपपेपरला घाबरून तरी ऐका.

सोडली का? आता बसा.

मी, भामाबाई गुंडा जमदाडे, वय बहात्तरच्या आसपास, धंदा शेती, राहणार जमदाडे मळा, तालुका तासगाव, जिल्हा सांगली, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तासगावच्या डॉक्टरने तपासून तसा दाखला दिलाय, तो सोबत टाचला आहे. त्याने नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाला, "आजी, जिभेला काय बी झालेलं न्हाई." मला कुणी धमकावलेलं नाही, काही पाजलेलं नाही आणि भुलवलेलं तर मुळीच नाही. भुलवायला लागते तेवढी अक्कल आमच्यात कुणाकडे नाही.

मी शाळा दुसरीपर्यंत शिकले. वकिलाने त्याच्या भाषेत एक कागद करून आणला होता. त्यात माझ्या मुलाला "प्रिय चिरंजीव" असं लिहिलं होतं. तो कागद मी चुलीत घातला. हा मी माझ्या हाताने लिहिलाय. शाळेतल्या राजरत्न गुरुजींनी फक्त काना-मात्रा सरळ केल्या. दोन ठिकाणी शब्द जरा मऊ करा असं ते म्हणाले. ते मी केलेले नाहीत.

घर. राहतं घर आणि त्यामागचा गोठा मुलगा हिंदुराव याला. वडिलार्जित जमीन त्याच्या नावावर झालेलीच आहे, ती कशी झाली ते पुढे येईल. घराच्या पत्र्यावर त्याने जी मोठी ताटली लावलीय ती काढली तर बरं, म्हणजे शेणी वाळवायला जागा होईल. कावळ्यांना मात्र ती पसंत आहे. या घरात तिचा खरा उपयोग तेवढाच होतो.

हिंदुराव माझा एकुलता एक मुलगा. लष्करात होता. गावात छाती पुढे काढून चालतो म्हणून लोकांना वाटतं की सरहद्दीवर होता. तो भटारखान्यात होता. पेन्शनीवर आला तेव्हा माणसं बायकोला साडी आणतात, आईला घोंगडं आणतात. हा ट्रंकेत व्हीसीआर घेऊन आला. त्याच्याआधी घरात काळा-पांढरा टीव्ही होता. त्यात मुंग्या दिसायच्या म्हणून रंगीत आणला. रंगीत मुंग्या दिसायला लागल्या म्हणून ताटली आणली. कॅसेट घासते म्हणून गेल्या दसऱ्याच्या तोंडावर सांगलीहून चकतीचं मशीन आणलं. व्हीसीडी म्हणतात त्याला. मला हाताला धरून समोर बसवलं.

"आये, चित्र कसं साफ हाय बघ. नाकातला केस बी दिसतोय."

"कुणाच्या नाकातला?"

"हिरोच्या."

"मग काढून टाक म्हणावं. येवढं पैसं घेतोय त्यो."

खंडेनवमीला आमच्यात कोयता, कुदळ, औषधाचा पंप, मोटर असं सगळं पाटावर मांडून पुजतात. त्या पाटावर मशीन बसलं. माझी तक्रार नाही, सतरंजीवर लोळून का होईना माणसं त्याच्यापुढे घाम गाळतात. पण हिंदुरावने चकती उलटी धरली. चमकणारं अंग हेच तिचं तोंड असं तो समजला. त्या तोंडाला त्याने ओल्या बोटाने हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि तशीच आत ढकलली. सिनेमात लग्न लागत होतं. नवरा-नवरी हार हातात धरून जे थांबले ते थांबलेच.

मी म्हटलं, "हिंदुराव, अक्षता लय पडल्या वाटतं."

सांगलीच्या माणसाने मशीन उघडलं तेव्हा आतून तांदूळ निघाले. तो पोटाला धरून हसला. हिंदुराव त्यालाच सांगत होता की पूजेबिगर मशीन चालवणं आमच्यात बसत नाही. आता म्हणतो, पुण्यात याच्याही पुढची चकती आलीय, डीव्हीडी, अजून साफ. मी म्हटलं, साफ बघायची एवढी हौस असेल तर गोठा साफ कर आणि स्टूल टाकून बघत बस.

म्हणून पुढची वाटणी. मशीन, टीव्ही आणि त्यांच्या वायरी माझ्या नाहीत, त्या मला कुणाला देता येत नाहीत. पण हे सगळं ज्या सागवानी पेटीवर मांडलंय ती पेटी माझ्या माहेरची आहे. ती मी शेजारच्या रंगुबाईला देते. तिने ज्वारी भरावी. पेटी न्यायला ती आली की हिंदुरावने मशीन उतरवून घ्यावं. कुठे ठेवायचं ते त्याचं त्याने बघावं. जमीन आहे खाली.

वीरधवल. हिंदुरावचा मुलगा, माझा नातू, वय वर्षं बावीस. त्याला माझी खुरपी. दुसरं काही नाही. टीव्हीला जोडायचा गेम घेऊन दिलाय त्याला बापाने. बाप आणि लेक मांडीला मांडी लावून रणगाडे उडवतात. सबंध नोकरीत ज्याने बटाटे सोलले तो आता खाटेवर बसून "फायर, फायर" ओरडतो. वीरधवलच्या दोन्ही अंगठ्यांना घट्टे आलेत. त्याच्या आज्याच्या तळहाताला होते, याच्या अंगठ्याला आहेत. मी विचारलं, "कुणाशी लढाई चाललीया रं?" तर म्हणतो, "आजे, ही वेगळी लेवल हाय, तुला न्हाई कळायची." खुरपीला लेवल नसते. तणापर्यंत हात गेला की झालं.

आता शेडचं. हे नीट ऐका, कागद याच्यासाठी केलाय.

पाच गुंठे जागा आणि तिच्यावरची बेदाण्याची शेड माझ्या एकटीची आहे. जागा मी शेळ्या विकून माझ्या नावावर घेतली, शेड बोरमाळ मोडून उभी केली. नवऱ्याचा त्यात एक खिळा नाही, मुलाचा तर नाहीच. दहा वर्षं ती माझी मुलगी साळूबाई सांभाळते. तिचा नवरा माधवनगरला होता. त्याने दुसरी केली आणि ही पिशवी घेऊन माझ्या दारात आली. "आलीस तर काम कर," मी म्हटलं. तिने केलं. द्राक्षं औषधाच्या पाण्यातून काढायची, जाळीवर पसरायची, वारा कुठून येतो बघत हलवायची. वारा हाच तिथला मालक. तो आला तर बेदाणा, नाही तर गुरांचं आंबोण.

गेल्या मार्चमध्ये वीरधवलला बघायला वाईहून पाहुणे आले. मुलगी संयोगिता, तिचा बाप आणि मामा. हिंदुरावला मशीन दाखवायचं होतं. घरात सगळे मावेनात, म्हणून टीव्ही, मशीन, गेम, सगळं शेडमध्ये नेलं. जाळ्यांवर साळूचा सबंध माल पसरलेला. भर दुपार, उजेडात चित्र दिसेना. मग या शहाण्याने काय केलं? ट्रॅक्टरवरच्या ताडपत्र्या आणल्या आणि शेड चारी बाजूंनी गच्च बांधली. आत काळोख केला, टॉकीजसारखा. बेदाण्याचं तोंड दाबलं आणि सिनेमा लावला.

मी ओरडत होते. मला म्हणाला, "आये, दोन तासांचा परश्न हाय. पाव्हणं गेलं की सोडतो."

पाहुणे गेले, ताडपत्री राहिली. कारण मग वीरधवलची टोळी आली. त्यांना काळोख सापडला होता. आठ दिवस रणगाडे चालले. आत घाम, विड्या आणि पोरांचा आरडाओरडा. नवव्या दिवशी मी काठीने ताडपत्रीचं एक टोक उचललं, तर वास नाकात बसला. माल काळा पडला होता, एकमेकांना चिकटला होता, बुरा धरला होता. एका वर्षाचं काम गुरांपुढे टाकलं. एका म्हशीने तोंड लावलं आणि फिरवलं.

हिंदुराव काय म्हणाला? तो म्हणाला, "गेला तर गेला. बेदाण्यात न्हाईतरी दम ऱ्हायला न्हाई. आता हितं गेमचं दुकान टाकू. शेड बांधलेलीच हाय." म्हणून ताडपत्री अजून तशीच आहे. आतमध्ये बाकडी आली आहेत. दुसरा टीव्ही बघायला बापलेक सांगलीला फेऱ्या मारतायत.

त्या पाहुण्यांत एकच माणूस होता ज्याला नाक होतं, ती मुलगी. अर्धा सिनेमा झाल्यावर ती उठली आणि मामाला म्हणाली, "मामा, इथं काहीतरी आंबतंय." मामाने तिला खाली बसवलं. वाईला गेल्यावर तिने नकार कळवला. घरात सगळे तिला नावं ठेवतात. मी तिला माझा चांदीचा करंडा देते. गुरुजींनी तो वाईला तिच्या हातात नेऊन द्यावा आणि सांगावं, आमच्यात आली नाहीस, शहाणी आहेस.

आता साळूला दोन शब्द. साळे, ताडपत्री बांधताना दोरीचं एक टोक कुणी धरलं होतं? तू धरलं होतंस. तुझा माल, तुझे हात, आणि तू दोरी धरून उभी. मी ओरडले, तू गप्प. रात्री मी विचारलं, तर म्हणालीस, "दादा म्हणला, मी काय बोलू?" मागल्या भाऊबीजेलाही हेच. ओवाळणीच्या ताटात दादाने साडी टाकली आणि साडीच्या खाली हक्कसोडीचा कागद. वडिलार्जित जमिनीतला तुझा वाटा तू औक्षणाचा दिवा विझायच्या आत लिहून दिलास. साडी तरी बघितली असतीस, तिचा रंग पहिल्या धुण्यात गेला. सगळ्या बहिणी असंच करतात, म्हणतेस. सगळ्या बहिणींना मी जन्म दिलेला नाही. तुला दिलाय, त्याची मला लाज वाटते तशी आशाही वाटते. आशा कमी.

तर सदर पाच गुंठे जागा, तिच्यावरची शेड, जाळ्या, द्राक्षं बुचकळायचे हौद आणि वजनकाटा हे सर्व मी मुलगी साळूबाई हिला देते. त्यात हिंदुराव, वीरधवल किंवा त्यांच्या वारसांचा काडीचा हक्क नाही. बाकडी त्यांची आहेत, ती त्यांनी उचलून न्यावीत.

पण एक अट. हा कागद वाचून झाल्यावर साळूला विचारायचं की शेड तू ठेवणार की भावाला सोडणार. तिने "ठेवणार" असं तोंडाने म्हटलं तर शेड तिची. मान हलवली, पदर चावला, रडली किंवा "दादा म्हणंल तसं" म्हणाली, तर शेड तिलाही नाही आणि दादालाही नाही. मग गुरुजींनी ती मोडावी, पत्रे आणि लोखंड बाजारात घालावं, जागा विकावी आणि आलेली रक्कम शाळेच्या भिंतीला लावावी. भिंत तरी कुणाच्या सांगण्यावरून वाकत नाही.

पोस्टातलं जे काही असेल त्यातून माझं दिवसपाणी करावं. जेवणात बुंदी नको, कोरडी असते. माझ्या मयताचं व्हिडिओ शूटिंग करायचं नाही. हिंदुराव करेल, मला माहीत आहे. चांगल्या साफ चकतीवर उतरवेल आणि पाहुण्यांना दाखवेल, आयेच्या नाकातला कापूस कसा दिसतोय बघा. शूटिंगवाला दारात दिसला तर मला तिथेच खाली ठेवून आधी त्याला घालवायचं.

हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम राजरत्न गुरुजींचं. याआधी मी दुसरं कुठलंही केलेलं नाही. हेच पहिलं आणि याला बदल नाही. हिंदुरावने कोर्टात जावं, वाट मोकळी आहे.

हे मी वाचून, समजून, राग शाबूत असताना सही केलं.

ठिकाण: जमदाडे मळा, ता. तासगाव
तारीख: १८ ऑगस्ट १९९९

सही: भामाबाई गुंडा जमदाडे

आमच्यासमोर भामाबाईंनी सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली. सही करताना त्या शुद्धीवर होत्या आणि आम्हाला घाई करत होत्या.

साक्षीदार १: नानासो ज्ञानू सूर्यवंशी (सही)
साक्षीदार २: धोंडुबाई विठू मंडले (डाव्या हाताचा अंगठा)

पाठीमागे, वाचणाऱ्यासाठी. हे वाटणीचं नाही, रीतीचं आहे, म्हणून सह्यांच्या खाली चालतं असं वकील म्हणाला.

गुरुजी, कागद तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर वाचा. साळूला पुढे बसवा, चुलीपाशी जाऊ देऊ नका, चहा दुसरं कुणीतरी करेल. हिंदुरावच्या हातात पिशवी असेल आणि पिशवीत साडी असेल. ती असू दे. प्रश्न एकदाच विचारा आणि मग गप्प बसा, कितीही वेळ लागला तरी. मधे कुणी बोलायचं नाही. हिंदुरावने खाकरायचंसुद्धा नाही. उत्तर साळूने द्यायचं.