बत्तीस काजवे

१६ जुलै २०१७, रविवार

झाला! आज झाला! बत्तीस काजवे — टेबलावर, सगळ्यांसमोर, पाचव्या पाळीला!

समोर बसलेल्या पोराने आधी काजवे मोजले, मग स्वतःचे प्राण मोजले, मग पुन्हा काजवे मोजले. मग म्हणाला, "हे लीगल आहे?" आहे, बाळा. शंभर टक्के आहे. वैजनाथकाकांनी चष्मा लावून तिन्ही कार्डं वाचली आणि मान डोलावली. त्यांचं खाली वह्या-पेनांचं दुकान, वर पोटमाळ्यावर आमची टेबलं. नियमांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा.

हे एकदा इथे नीट लिहून ठेवते, माणसांना सांगून दमले. सेव्हन गेट्स या खेळात प्रत्येकाचे आपण निवडलेले चाळीस पत्ते (त्याला डेक म्हणायचं), प्रत्येकाचे तीस प्राण. समोरच्याचे प्राण आधी संपवायचे, एवढंच. माझी तीन कार्डं. काजवा — एका प्राणाचा चावा घेतो, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तलाव — खेळला की टेबलावरचे काजवे दुप्पट. आणि घड्याळजी — तो वापरलेला तलाव परत हातात आणून देतो. पुन्हा तलाव, पुन्हा दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार, आठ, सोळा, बत्तीस! (कार्डांवर नावं इंग्रजीत आहेत. ही बारशी माझी.)

टाळ्या पडल्या. काका म्हणाले, "सुंदर. पण ही शोभेची दारू. लढाईला वेगळी लागते." काकांचं कौतुक हे असं.

टाळ्या चालू असताना मी सवयीने उजवीकडे बघितलं. बिलाल उजवीकडे बसायचा. तिथे कोणीतरी सॅक ठेवली होती.

१७ जुलै, सोमवार

कंपनीची बस भूमकर चौकात अडकली. हडपसर ते हिंजवडी म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोजची यात्रा, त्यात हा चौक. बिलालला फोन लावला.

तीन वर्षं या बसमध्ये शेजारची सीट त्याची होती. मगरपट्ट्याला चढायचा, मी जागा धरून ठेवायची. हा खेळ त्यानेच शिकवला — मांडीवर सॅक, सॅकवर डब्याचं झाकण, झाकणावर पत्ते. मेमध्ये बंगळूरूला गेला. पगार जास्त, हवा थंड, अजून काय काय सांगत होता. मी "वा वा" म्हणत होते.

बत्तीस काजव्यांचं सांगितलं. मला वाटलं ओरडेल.

"एकदा झालं म्हणजे चालतं असं नाही, मॅडम," म्हणाला. "टेस्टर ना तू? एकदा चाललेल्या कोडला ओके देतेस?"

"तुझ्या कोडला कधीच दिलं नाही."

हसला. ते हसू ऐकायलाच फोन केला होता बहुतेक. मग वाद! तीन कार्डं एकत्र हातात येणार कधी, तोपर्यंत जगायचं कसं, आणि समोरच्याने घड्याळजीलाच मारलं तर? मारू दे, मी दुसरा आणीन. दुसराही मारेन. मग मी तुलाच मारीन, पाचव्या पाळीला! — हे मी जरा मोठ्याने म्हटलं. आता शेजारच्या सीटवर अकाउंट्सच्या कौशल्याताई बसतात. उतरताना हळूच म्हणाल्या, "अगं, घरी सगळं ठीक आहे ना?"

२० जुलै

आज बस कुठेच अडकली नाही. दिवसभर चिडचिड.

३० जुलै, रविवार

दुकानात नोटीस लागली. ८ ऑक्टोबरला पुण्यात विभागीय स्पर्धा, बाहेरगावच्यांनाही खुली. खाली काकांच्या अक्षरात : "नोटीस बोट न लावताही वाचता येते." मी बोट लावूनच वाचली, कारण शेवटची ओळ दोनदा वाचावी लागली. पहिले आठ जण डिसेंबरमध्ये फायनलला — बंगळूरूला.

बंगळूरूला!

तसं जायला काय, बस रोज जाते. पण कशासाठी जातेस विचारलं तर काय सांगू? आईला "मित्र" चालतो. "बिलाल" म्हटलं की तिच्या तोंडातला तो "मित्र" जरा लांबतो. आणि बिलाल? त्याने कधी "ये" म्हटलं नाही. मी कधी "येऊ का?" म्हटलं नाही. तीन वर्षं शेजारी बसून आम्ही पत्त्यांशिवाय काही बोललो नाही, आणि आता वाटतं की बोलायचं ते सगळं राहून गेलं.

स्पर्धा असली की कोणालाच काही म्हणावं लागत नाही. आठात यायचं, गाडीत बसायचं, उतरून फोन करायचा — अरे, आलेय इथे, स्पर्धेला, भेटतोस का? किती साधं!

साध्या डेकने मी कधी विसाव्याच्या वर गेले नाही. म्हणजे काजवेच. काजवे चालायलाच हवेत.

१२ ऑगस्ट, शनिवार

पलंगावर दोन डेक मांडून बसले. उजवा हात मी, डावा हात बिलाल. दुसरं कोण आहे सरावाला?

गंमत म्हणजे डाव्या हाताचं खेळताना विचारच करावा लागत नाही. बिलाल अडवायचं कार्ड पहिल्यांदा कधीच टाकत नाही, हातात धरून बसतो. बोलत राहतो, चहा सांगतो, आपण गाफील झालो की अलगद टाकतो आणि वर "सॉरी हं" म्हणतो. आज डाव्या हाताने तसंच केलं. घड्याळजी मेला. मी खरोखरच "सॉरी हं" म्हटलं — त्याच्या आवाजात! — आणि मग बराच वेळ पत्ते तसेच ठेवून बसले.

डावा हात जास्त वेळा जिंकला. किती वेळा, ते लिहीत नाही.

आई दारात उभी राहून बघत होती.

"रमी आहे का?"

"नाही."

"पैसे लावतात?"

"नाही गं."

"मग एवढं डोकं कशाला लावतेस? त्यापेक्षा जुगार खेळ, घरात काहीतरी येईल तरी."

१ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या बकरी ईद. बिलाल आज पुण्याला त्याच्या घरी येणार होता, परवा रविवारी दुकानात. महिनाभर ठरलं होतं. काजव्यांचा निकाल समोरासमोर लावायचा!

दुपारी मेसेज. सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख अलीकडे आली, सुट्टी गेली.

त्याच्या अम्मीला काय वाटलं असेल, हा विचार मला दुसरा आला. पहिला काय आला ते मलाच माहीत. निळ्या कुर्त्याला काल इस्त्री केली होती.

३ सप्टेंबर, रविवार

निळा कुर्ता घालून गेलेच. एकही सामना जिंकले नाही. काका म्हणाले, "आज लक्ष कुठे आहे?" बंगळूरूला, काका.

१८ सप्टेंबर, सोमवार

भांडले.

सुरुवात छान होती. मी दोन काजवे कमी करून दोन पहारेकरी घातले, म्हणजे घड्याळजी एक पाळी तरी जगेल. उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "नाही जगत गं. पहारेकरी घातले की काजवा वेळेवर येत नाही. काजवे वाढवले की पहारेकरी येत नाही. आणि घड्याळजी टेबलावर ठेवला की समोरच्याला सगळं कळतं. एकदा बघितलेला माणूस दुसऱ्यांदा फसत नाही."

"मग काय खेळू?"

"भिंत घे." भिंत म्हणजे बचावाचा डेक. समोरचा कंटाळून चुका करतो आणि आपण जिंकतो. "बोअर आहे, पण दहावी-बारावी येशील."

"दहावी-बारावी येऊन काय करू?"

"मग काय करायचंय तुला?"

इथे सांगायला हवं होतं. बस भरलेली, कौशल्याताई खिडकीबाहेर बघत कान माझ्याकडे लावून बसलेल्या. माझ्या तोंडून निघालं, "तुला कसं माहीत चालत नाही? तू खेळून बघितलास का कधी?"

आधी तुझा आवाज तुटतोय म्हणाला. मग म्हणाला, "सांगतोय ना. नाही चालत."

"तुला मी जिंकायलाच नकोय!" — आणि फोन बंद केला. म्हणायचं होतं, तुला मी तिकडे यायलाच नकोय. निदान हे शब्द तोंडून गेले नाहीत, तेवढीच अब्रू राहिली.

२१ सप्टेंबर

फोन नाही. मीही केला नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

अजून नाही. कौशल्याताई म्हणाल्या, "मिटलं वाटतं भांडण? शांत असतेस हल्ली." मिटलं, म्हटलं.

आठवण येते. लिहून टाकलं की बरं वाटतं म्हणतात. लिहिलं. नाही वाटलं.

हा डेक नसता तर मी त्याला कुठल्या निमित्ताने फोन केला असता? आणि डेक चांगला नाही, हे मान्य केलं तर पुढे कशावर बोलणार? टेस्टर म्हणून मला केव्हाच कळलंय. पलंगावर बसून इतके डाव खेळले, डोळे काही फुटलेले नाहीत. काजवे दहा वेळा उजळले तर वीस वेळा विझतात. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात शेरा मारून परत पाठवलं असतं.

पण ते दहा वेळा! तेव्हा काय दिसतं टेबल!

१ ऑक्टोबर, रविवार

डेक नोंदवायचा शेवटचा दिवस. कागदावर आधी भिंत लिहिली. खोडली. काजवे लिहिले. काकांनी कागद हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"नक्की?"

"इतका वाईट आहे का हो?"

काकांनी चष्मा काढला. म्हणजे चेष्टा नाही. "वाईट नाही. एखाद्या चांगल्या दिवशी कोणालाही मारेल. पण स्पर्धेत सहा सामने असतात, दीपाली. एका दिवसात सहा चांगले दिवस कुठून आणणार?"

"बघू," म्हटलं.

"बिलालने काय सांगितलं?"

"भिंत घे म्हणाला."

"शहाणा आहे," काका म्हणाले आणि माझा कागद फाइलमध्ये लावला.

शहाणा आहेच तो. शहाणपणाने तिकडे गेला, शहाणपणाने तिकडे राहिलाय. मला इथे त्याच्या शहाणपणाचं काय करायचंय? नवव्या नंबरपर्यंत सुरक्षित पोहोचून मी कोणाला भेटणार आहे?

७ ऑक्टोबर, शनिवार

बिलालचा मेसेज! इतक्या दिवसांनी! "उद्या काय खेळतेयस?"

"काजवे."

निळ्या खुणा लगेच आल्या. मग "टायपिंग" दिसलं, गेलं, दिसलं, गेलं. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. शेवटी आलं — "ऑल द बेस्ट."

बस्स. एवढंच! एवढ्यासाठी एवढा वेळ! मी अंगठा पाठवला.

८ ऑक्टोबर, रविवार

शेवटच्या सामन्यापर्यंत पहिल्या आठात होते! दोनदा बत्तीस काजवे उजळले, एकदा तर पंचाची पण बोटं मोजताना चुकली.

मग समोर बंगळूरूहून आलेला एक दाढीवाला बसला. घड्याळजी ठेवला, त्याने मारला. दुसरा ठेवला, मारला. मी तलावाला हात घालायच्या आधीच त्याला ठाऊक. हरले. नववी आले.

पत्ते आवरताना म्हणाला, "नाइस हडपसर."

मला वाटलं बॅजवर घरचा पत्ता छापलाय. म्हटलं, काय?

"ये डेक. हमारे यहाँ एक बंदा है, बिलाल. यही खेलता है. नाम भी उसी ने रखा है, हडपसर. हर फ्रायडे लाता है, हर फ्रायडे हारता है. सब बोलते हैं छोड़ दे. दूसरा डेक छूता ही नहीं." मग पत्ते पेटीत घालता घालता विचारलं, "ये हडपसर होता क्या है?"

"जगह है एक," म्हटलं.

घरी येऊन गुरुवारच्या बसचं तिकीट काढलं. शुक्रवारी सकाळी पोहोचते. आई म्हणाली, "हरलीस ना? मग आता बंगळूरूला काय आहे?"

"बिलाल आहे," म्हटलं.