मधलीचं पथ्य

१२ मार्च, दुपार

लाडक्या मास्तरास,
तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

पावाची भट्टी नीट पेटते आहे. गुडघे कुरकुरतात, पण पीठ मळायला गुडघे लागत नाहीत, म्हणून धंदा चालू आहे. तू पाठवलेलं आदिमानवाच्या आहाराचं पुस्तक चष्मा लावून दोनदा वाचलं. माझी शाळा लवकर सुटली म्हणून मला कळणार नाही असं समजू नकोस.

सगळंच खोटं नाही रे तुझं. चोथ्याचं खायला लागल्यापासून माझं पोट घड्याळासारखं चालतं. आतड्यातले ते कोट्यवधी जीव आपल्याबरोबरच वाढत आले, त्यांनाही त्यांचा घास मिळायला हवा, हे पटलं. रोज आंबवण सांभाळणाऱ्या बाईला ते पटायला कितीसा वेळ! पण पुढे तू म्हणतोस, पूर्वजांनी लाखो वर्षं जे खाल्लं तेच औषध. तिथे घोडं अडतं. ते मिळेल ते खात होते, मास्तर. निवडायला होतं काय त्यांच्यापुढे? आणि पोरं हाताशी येईपर्यंत माणूस टिकला की निसर्गाचं काम झालं. पुढे उतारवयात आतड्यात काय उगवतं, त्याची त्याला ना खंत ना खेद. मग आपल्या मधलीने काय खावं हे त्याला कशाला विचारायचं?

निघालं शेवटी तिचं नाव.

दर रविवारी ती तुला फोनवर ‘झकास चाललंय’ म्हणून सांगते. मी शेजारीच असते. गेल्या वर्षी पोट दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आतून तपासायला सांगितलं होतं. हे तिने तुला सांगितलंच नाही. दुखतं, एवढंच म्हणाली. तू म्हणालास, ‘धान्य सोड, दूध सोड, आतडं आपलं आपण दुरुस्त होतं.’ तिने तपासणी सोडली. वजन उतरलं, सगळ्यांनी वाहवा केली.

मग ते उतरणं थांबेना. शिंपीणच ती, कुणाला सैल दिसू नये म्हणून स्वतःचे कपडे आत घेत राहिली. गेल्या आठवड्यात धुताना तिचा झगा उलटा केला, तर कडेला शिवणीच्या आत शिवण, तिच्या आत आणखी एक. तशीच ओल्या हातांनी आत गेले.

“हे काय गं?”

“मास्तरला सांगू नकोस. वर्गात माझं उदाहरण देतो तो.”

“अगं बये, जिवावर बेतलंय तुझ्या!”

“म्हणूनच म्हणते. किती खूश आहे बघ ना तो.”

जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेली. आतड्यात गाठ आहे. यकृतापर्यंत पोचली आहे. वर्षापूर्वी कापता आली असती का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई “बहुधा” म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या. आता कापण्यात अर्थ नाही. घरी आणली आहे. भट्टीच्या भिंतीला लागून माझी खोली, तिथेच ठेवली. ऊब असते.

तू तिला मारलंस असं मी म्हणणार नाही. तू मायेने सांगितलंस, तिने मायेने ऐकलं. राग मात्र आहे, आणि तो झाकणार नाही. झाकाझाकी या घरात पुरे झाली.

आता काम सांगते. तिला हवं ते खायची मोकळीक आहे. दुधात कुस्करलेला पाव गिळता येईल. पण मी चमचा पुढे केला की तोंड फिरवते. “त्याला कळलं तर?” म्हणते. उपाशी आहे रे, तुझ्या शब्दाखातर.

वाचनालयात एक वाचलं, तुझ्या पुस्तकात नव्हतं. फार पुरातन काळातली एक कवटी सापडली. दात केव्हाच पडलेले, तरी तो म्हातारा पुढे काही वर्षं जगला. कुणीतरी त्याला मऊ करून भरवत असावं, असं काही जाणकार म्हणतात. पूर्वजांकडून घ्यायचंच असेल तर एवढं घे.

ये. भाषण नको, माफी नको, तिच्यासमोर रडणं नको. खाटेशी बस आणि वाटीतला पहिला घास तू खा, तिला दिसेल असा. मग तिला भरव.

शाळेला सुट्टी लागायची वाट बघू नकोस. ती तेवढं थांबणार नाही.

तुझ्यावर रागावलेली आणि दार उघडं ठेवून बसलेली,
थोरली