साठ सायकलचा ट्रान्सफॉर्मर आणि माझी वाइंडिंग

मी, कोकिळा चंद्रभान झाडे, वय ५६, राहणार समुद्रपूर, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दम्याने छाती भरून येते, पण डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस पाडलेले नाही.

१. बसस्टँडमागचे दोन खोल्यांचे घर मुलगी सुधा हिला. जावयांनी विकायची घाई करू नये. आधी गळके छप्पर बघावे.

२. तार गुंडाळायचे वाइंडिंगचे यंत्र, तांब्याच्या तारेची रिळे, मीटर आणि लाउडस्पीकरचे दोन्ही कर्णे पुतणी पद्मा हिला. ही माझे दीर रूपराव यांची मुलगी. बापाशी माझा अबोला असूनही ती येऊन काम शिकली. पुढे तिचे लग्न होईल तेव्हा ही हत्यारे सासरच्यांनी आंदणात धरू नयेत.

३. माझे यजमान कसे गेले याबद्दल गावात जे बोलतात, ते खोटे आहे. आमची लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. यजमानांनी नागपूरहून जुना परदेशी ॲम्प्लिफायर आणला. त्याचा ट्रान्सफॉर्मर साठ सायकलच्या विजेचा. सायकल म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते; आपल्याकडची वीज पन्नासची. सायकल कमी पडली की ट्रान्सफॉर्मर घुमतो, तापतो. म्हणून मी जादा वेढे देऊन तो पन्नाससाठी नव्याने भरला. दोन लगीनसराया तो नीट चालला.

१९८१ च्या उन्हाळ्यात एका लग्नात वीज गेली. रूपरावांनी जनरेटर लावला. इंजिनाच्या आवाजात मंगलाष्टके ऐकू येईनात, लोक ओरडले, तेव्हा त्यांनी इंजिन हळू केले. दिवे मंदावले म्हणून वरून व्होल्टेज वाढवले. मी धावत गेले.

"भाऊजी, इंजिन वाढवा! सायकल पडली, ट्रान्सफॉर्मर जळून राह्यला!"

"काऊन ओरडता वहिनी? अक्षता पडू द्या."

अक्षता पडायच्या आत ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला आणि मंडपाचे कापड पेटले. यजमानांनी नवरीच्या आजीला उचलून बाहेर आणले आणि पुन्हा आत गेले. दवाखान्यात मला म्हणाले, "रूपरावले पोलिसात नको देजो. त्याची पोरगी लहान आहे." त्यानंतर ते बोलले नाहीत.

तो शब्द मी पाळला. पण रूपरावांनी जबाबात सांगितले की बाईची वाइंडिंग कच्ची होती. माझ्याकडे काम येणे बंद झाले. विहिरीवर बायका मला ऐकू जाईल असे म्हणत, "नवऱ्याले हिनंच जाळलं." मी बादली भरून घरी येई आणि दार लावून घेई. कधीकधी मलाच वाटे, एखादा वेढा खरेच चुकला असेल का. नाही. चुकला नव्हता.

४. मला अग्नी सुधाने द्यावा. रूपरावांनी देऊ नये. ते आले तर त्यांना कोणी हाकलूही नये.

५. साक्षीला मी रूपरावांनाच बोलावले आहे. त्यांनी कलम तीन मोठ्याने वाचावे आणि मगच सही करावी. खोटे वाटले तर उठून जावे.

समुद्रपूर, दिनांक १४ नोव्हेंबर १९८६

(सही) कोकिळा चंद्रभान झाडे

साक्षीदार:

(सही) हरिभाऊ भोयर, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

(सही) रूपराव झाडे, दीर. मोठ्यानं वाचलं. इंजिन मीच हळू केलतं. वहिनीची वाइंडिंग पक्की होती. हे मी पद्मासमोर लिहून राह्यलो.